वरास पोशाख एक

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लग्नाची यादी माझ्याकडे आहे. १९६४ सालची. फुलस्केप कागद, घडीवर विरलेला, वर मधोमध 'श्री' आणि चारी कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी घोंगड्यावर बसत आणि कुणी काय द्यायचं, कुणाचा काय मान, हे चारचौघांत लिहून काढत. यादी झाली की लग्न झाल्यातच जमा. या कागदावर सोनं एका ओळीत संपलंय, भांडी तीन ओळींत. कपड्यांना मात्र पुरतं दीड पान लागलं आहे.

पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न. त्याचा पोशाख गेल्या रविवारी पुण्याहून आला. चेन लावलेल्या लांब पिशवीत शेरवानी, चुडीदार, दुपट्टा, मोजडी, आणि टोपीसारखा नुसता डोक्यावर ठेवायचा तयार फेटा. आठ मित्रांसाठी एकाच रंगाचे कुर्ते आणि जाकिटं. सगळं तीन दिवसांच्या भाड्यानं. पोरगं त्यात देखणं दिसतं. ते आरशासमोर उभं असताना मी यादी उघडून बसलो आणि त्या पिशवीत जे नव्हतं त्यावर पेन्सिलीनं बारीक खुणा करत गेलो.

बस्ता

हा शब्द यादीत नाही, पण यादी झाल्यावर पहिलं काम बस्त्याचं. लग्नाचं सगळं कापड एका दिवशी, एका दुकानातून, दोन्हीकडच्यांनी मिळून घ्यायचं. आमच्या गावचे बस्ते कराडच्या पेठेत बांधले जात. सकाळच्या एसटीनं पंधरा-वीस माणसं निघायची. दुकानात पांढऱ्या गादीवर चपला काढून बसायचं, पाणी व्हायचं, चहा व्हायचा, मग पहिला खण देवीचा निघायचा. तो बाजूला ठेवल्याशिवाय माणसांच्या कापडाला हात नाही. नवरीचा शालू मुलाकडचे घेणार, नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे घेणार. त्यामुळे माझ्या दादांच्या कोटाचं कापड माझ्या आजोळच्या माणसांनी पसंत केलं.

दादा त्या दिवशी कराडला गेलेच नव्हते. नवरदेवानं बस्त्याला जायची रीत नव्हती. आपल्या अंगावर काय येणार हे त्यांना लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. कापड पारखलं ते आत्यानं. ती कापडाचं टोक अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चुरगळायची, सोडायची आणि घडी मोडते का बघायची. मलमल असेल तर तोंडापुढं धरून त्यातून फुंकर मारायची. "खळ काढली की ह्येचं जाळं हुईल," म्हणाली की तो ताका परत.

संध्याकाळी सगळं कापड एका मोठ्या चादरीत बांधलं जायचं. त्या गाठोड्यालाही हळदकुंकू, नारळ. बस्ते आजही बांधले जातात, तालुक्याच्या गावी दुकानांवर तशा पाट्याही आहेत. साड्या, शालू, मानपानाचं कापड अजून त्या गाठोड्यात असतं. नवरदेवाचा पोशाख तेवढा त्यातून बाहेर पडला.

धोतरजोडी एक, काठाची

धोतर जोडीनं यायचं, सलग विणलेलं. मधोमध फाडलं की दोन पानं. इचलकरंजीला १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला आणि पुढं कैक वर्षं तिथल्या मागांवर धोतरं निघाली. आमच्या भागातल्या घराघरांत तिकडचंच धोतर असायचं. लग्नाचं तेवढं नागपुरी, रेशमी काठाचं.

दादा नोकरीला लागलेले, पँट घालणारे. त्यांना धोतर नेसता यायचं नाही. थोरले चुलते, तात्या, गुडघ्यावर बसून नेसवत. कमरेला आवळून गाठ, एका अंगाच्या निऱ्या पुढं खोचलेल्या, दुसऱ्या अंगाचा कासोटा मागं ओढून घट्ट. "पाय फाकव. आता चालून दाखव." दोन येरझाऱ्या झाल्या, धोतर जागचं हललं नाही, की तात्या उठत. आता शिवलेलं धोतर मिळतं, कमरेला इलॅस्टिक. पाय घालून वर ओढलं की झालं.

फेटा गुलाबी एक, पांढरे पाच

इथं मला थांबावंच लागेल, कारण या कामात मी होतो.

१९७८ साली, मी अकरा वर्षांचा, चुलतभावाचं लग्न. तात्यांनी आदल्या रात्रीच फेट्याला खळ देऊन ठेवली होती. बांधायला बसले की आधी खोलीतली गर्दी बाहेर काढायचे. फेट्याला लांबी लागते. नवरदेव पाटावर. तात्या त्याच्या पाठीशी, आणि कापडाचं दुसरं टोक धरून मी पार दाराच्या चौकटीशी. मध्ये सगळं कापड ताणलेलं. पन्ना चिमटीचिमटीनं गोळा करून त्याची एकसारखी पट्टी करायची, ती ढिली पडू द्यायची नाही, पीळ पडू द्यायचा नाही. "सोडू नगंस. वढूबी नगंस. नुसता धर." एवढंच ते मला सांगायचे.

हातभर कापड पाठीवर सोडलं, तो शेमला. मग पहिला वेढा. दुसरा त्याच्यावर, बोटभर वर सरकवून. कपाळावर एकावर एक कडा दिसत गेल्या पाहिजेत, जणू नांगरटीची तासं. प्रत्येक वेढ्याला कापड कमी व्हायचं आणि मी एकेक पाऊल पुढं यायचो. दारातून सुरू केलेला मी शेवटी नवरदेवाच्या खांद्याला लागून उभा असायचो. मग तात्या माझ्या हातातलं टोक काढून घ्यायचे, त्याच्या बारीक निऱ्या करायचे, आणि माझ्या घामानं किंचित ओलसर झालेलं ते टोक नवरदेवाच्या डोक्यावर तुरा होऊन उभं राहायचं.

त्या दिवशी मी सहा वेळा दारापासून खांद्यापर्यंत चाललो. नवरदेवाचा एक आणि मानकऱ्यांचे पाच. मामाचा फेटा नवरदेवाच्या फेट्यापेक्षा कमी तुऱ्याचा असावा, हे मला तेव्हा कळलं. गावच्या पाटलांचा फेटा बांधताना तात्या आधी हात जोडायचे.

फेटा मेला असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. उलट आज लग्नात फेटेवाले येतात, सकाळी दोन तासांत मांडवभर माणसांना बांधून मोकळे होतात, बायकाही हौसेनं बांधून घेतात. त्यांच्या हाताचा वेग बघत राहावा असा असतो. ते कापडाचं दुसरं टोक मांडीखाली नाहीतर खुर्चीच्या पायाला अडकवतात. दाराशी उभा राहणारा पोरगा लागत नाही.

पगडी यादीत नाही, आमच्या भागात शेतकऱ्याच्या घरात ती नव्हतीच. पुण्याकडच्या ब्राह्मण घरांत नवरदेव पगडी घालून बोहल्यावर चढे. साच्यावर ती बसवणारे पगडबंद वेगळे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. आता ती सत्काराला आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर जास्त दिसते.

कोट एक, सर्ज काळा

वैशाखातलं लग्न आणि लोकरी सर्जचा कोट. धोतरावर कोट, डोक्याला फेटा. त्या काळच्या कुठल्याही घरातला लग्नाचा फोटो बघा, हाच वेष. बोहल्यावर दादांच्या पाठीशी आत्या पंख्यानं वारा घालत होती.

कापड आजोळचं, शिवणारे आमच्या गावचे शिंपीअण्णा. लग्नसराईत त्यांचं मशीन त्यांच्या घरी नसायचंच. ज्याच्या घरी लग्न त्याच्या ओट्यावर मशीन येई, आठ-आठ दिवस अण्णा तिथंच जेवत आणि घरातल्या सगळ्यांचं शिवून उठत. दादांचं माप त्यांच्या वहीत होतं, पण त्यांनी ते पुन्हा घेतलं. "लगीन ठरल्यावर माणूस अंग धरतंय," म्हणाले.

तीस वर्षांनी, १९९४ साली, माझं लग्न ठरलं तेव्हा दादांनी तो कोट काढला. मला छातीत आणि काखेत आवळत होता. अण्णा तेव्हा थकले होते, मशीन मुलाच्या हाती गेलं होतं. त्यांनी कोट उलटा केला, अस्तराची कड ब्लेडनं उसवली आणि शिवणीच्या आत बोट घालून चाचपलं. तिथं, दोन्ही कुशींना, दीड-दीड बोट जादा कापड दुमडून ठेवलेलं होतं. त्या आतल्या कापडाला शिंपी माया म्हणतात. माया सोडली, माया ठेवली, माया धरून बेतलं. अण्णा मान खाली ठेवूनच बोलले, "आत माया हाय. तुझ्या बापाच्या टायमालाच ठिवली हुती."

कोट उसवून पुन्हा शिवला गेला तेव्हा दोन्ही कुशींना जुन्या शिवणीच्या जागी एकेक गडद काळी रेघ राहिली. बाहेरचं कापड तीस वर्षांत थोडं तपकिरीकडं झुकलं होतं, आतली माया मात्र पहिल्या दिवसासारखी काळी. त्या दोन रेघांसकट मी तो कोट लग्नात घातला. माझ्या फोटोत त्या दिसतात. मला त्या फार आवडतात.

पुतण्याच्या शेरवानीला आतून अस्तर चिकटवलेलं आहे. शिवणीत करंगळीच्या नखाएवढीही जागा नाही. पण ती परतच जायची आहे, तिला माया कशाला लागेल.

तात्यांचं स्वतःचं लग्न

याची यादीच नव्हती, म्हणून इथं लिहून ठेवतो. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार होतं, १९४३ ते १९४६. त्या मंडळींनी गावोगाव कमी खर्चाची लग्नं लावली. त्यांना गांधी लग्न म्हणत. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. तात्यांचं लग्न तसं झालं. एकतर कंट्रोलचे दिवस, कापड मिळत नव्हतं. खादीचा सदरा, खादीचं धोतर, पांढरी टोपी, नवरीला खादीचं लुगडं. हार सुताचे. ज्या माणसानं पुढं अख्ख्या भावकीला फेटे बांधले, त्याच्या स्वतःच्या डोक्याला लग्नात फेटा नव्हता. त्यांनी पुढंही कधी तो बांधून घेतला नाही. टोपी शेवटपर्यंत पांढरी.

बाशिंग एक

मुंडावळ्या अजून आहेत. मोत्यांच्या सुबक मुंडावळ्या कुठल्याही पूजासाहित्याच्या दुकानात मिळतात. बाशिंग मात्र माझ्या पुतण्यानं पाहिलेलं नाही. गुडघ्याला बाशिंग बांधलेला उतावळा नवरा त्याला म्हणीतून ठाऊक आहे, तेवढाच.

तळ्याकाठी उगवणारी भेंड नावाची वनस्पती असते. तिचा गाभा पांढरा, हलका, नखानं दाबला तर दबणारा. तो तासून, पातळ काप काढून त्यांची फुलं करायची, कागदाच्या पुठ्ठ्यावर बसवायची, मध्ये बेगड, दोन्ही कानांवर झुलते गोंडे. हे काम बहुतेक जीनगरांचं. आमच्याकडे लग्न उरकलं की बाशिंग फेकत नसत. माजघरातल्या तुळईला बांधून ठेवत. आमच्या तुळईला तीन बाशिंगं होती, एक आजोबांचं, एक दादांचं, एक चुलतभावाचं. चुलीच्या धुरानं तिन्ही एकाच रंगाची झालेली. १९८९ साली घर पाडून स्लॅब टाकली. तुळई सुताराला गेली. बाशिंगांचं काय झालं हे घरात कुणालाही सांगता येत नाही.

कट्यार

यादीत नाही, कारण विकत घ्यायची नसे. हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. अख्ख्या भावकीत एकच कट्यार होती. ज्याच्या घरी लग्न त्यानं ती मागून आणायची, लग्न झालं की राखेनं घासून परत द्यायची. चामड्याच्या म्यानावर प्रत्येक घरची हळद होती.

वहाणजोड एक, करकर

पायाचं माप घ्यायला चांभारमामा ओट्यावर येत. कागदावर पाय ठेवायचा, भोवतीनं पेन्सिल फिरवायची. तळव्याच्या दोन थरांमध्ये ते विंचू घालत. हे एक प्रकारचं बी. ते घातलं की चालताना वहाण बोलते. नवरदेव मांडवात यायच्या आधी त्याची करकर यायची. आत्या सांगायची, आई तेव्हा मान वर करू शकत नव्हती, तिनं दादांना आधी कानानं पाहिलं.

करवलीस परकर-पोलकं, खणाचं

करवली म्हणजे नवरदेवाची बहीण, सख्खी नाहीतर चुलत. हातात करा, कऱ्यात पाणी, वर पानं आणि नारळ. ती लग्नभर नवरदेवाच्या पाठीशी. दादांची करवली ही धाकटी आत्या, नऊ वर्षांची. परकराच्या खालच्या बाजूला चार बोटं दुमड घातलेली होती, पोरगी वाढेल तशी उसवायची. पुढची चार वर्षं ती जत्रेला, सणाला तोच परकर नेसली. शेवटी शेवटी त्यावर दुमडीच्या चार रेघा होत्या, झाडाच्या खोडात असतात तशा. तो परकर पुढं फाटून त्याची कुंची झाली. ती कुंची मी घातली आहे.

करवल्यांचा मान टिकून आहे, ही चांगली गोष्ट. आता त्यांना घागरे असतात, भाड्याचे, आणि करा हाती देताना पाणी सांडेल म्हणून कुणीतरी जवळ उभं असतं.

परीट, न्हावी यांस पंचा-टोपी

परटाचं काम पायघड्यांचं. वर मांडवाकडं निघाला की त्याच्या पायाखाली धुतलेली वस्त्रं अंथरायची. नवरदेव पुढं गेला की मागचं वस्त्र उचलायचं, झटकायचं, पळत जाऊन पुढं टाकायचं. दोनच वस्त्रांत मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची वाट व्हायची. पायघड्या हा शब्द आता पुढाऱ्यांच्या बातम्यांत राहिला आहे.

न्हावी नवरदेवाला आरसा दाखवी, आंघोळ घाली. हळदीत माखलेले कपडे न्हाव्याचे. हे सगळं मी गोड करून लिहीत नाही. पंचा-टोपीवर वर्षभराची सेवा घेण्यात अन्याय होता, आणि त्या घरांतली मुलं शिकून त्यातून बाहेर पडली हे योग्यच झालं. आमच्या गावच्या परटाची नात आज बँकेत अधिकारी आहे. पण लग्नातला त्यांचा भाग मान म्हणून यादीत लिहिलेला होता, नावानिशी. आज जो पोरगा शेरवानीची पिशवी घेऊन मोटरसायकलवरून आला, त्याचं नाव आमच्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही.

उपरणे एक, जरीकाठी

सुती उपरण्याची आणि शालूची गाठ बसते. ती घट्ट बसावी म्हणून भटजी आधी उपरण्याचं टोक पाण्याच्या बोटानं ओलं करायचे. त्या गाठीनं बांधलेले दोघं सात पावलं चालायचे, मग देवाला, मग घरी, उंबरठ्यावर माप ओलांडेपर्यंत गाठ तशीच. गेल्या साली नात्यात एक लग्न होतं. दुपट्टा जाळीचा, गुळगुळीत. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा मावशीनं आपल्या साडीची पिन काढून लावली.

कानपिळ्यास पोशाख

नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून. त्या कान पिळण्याचा त्याला पोशाख. मामाला दादांकडून सदऱ्याचं कापड मिळालं होतं. आता पाकीट देतात. कान अजून पिळतात.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा पुतण्या खाटेवर येऊन बसला. त्यानं यादी हातात घेतली, कागद नाकाला लावून वास घेतला. मग म्हणाला, "काका, हळदीच्या दिवशी तरी बांधा ना फेटा. ह्यातलं एक तरी." मला तात्यांसारखा येत नाही. मी टोकच धरत आलो. पण घरात एक मलमलीचा फेटा आहे, गुलाबी, विरलेला, तुरा उभा राहील इतपत जीव त्यात आहे. दार ते पाट हे अंतर आमच्या नव्या घरातल्या हॉलमध्ये बसतं, मोजून पाहिलं. दुसरं टोक धरायला धाकट्या भाचीला सांगितलं आहे. ती दहा वर्षांची आहे, आणि रोज विचारते, "नुसतं धरायचं ना, मामा?"

यादीची शेवटची ओळ राहिली.

किरकोळ. पंचे चार, टोप्या दहा.

त्याखाली वेगळ्या शाईत, दादांच्या अक्षरात, बहुधा लग्न झाल्यावर कधीतरी लिहिलेलं: टोपी एक कमी पडली. तात्यांनी डोक्यावरची दिली.